आधी हवा कोरडी, मग यंत्र: गोव्यातल्या विद्यापीठात सूक्ष्म-नॅनो संशोधनाची सामायिक सुविधा उभारताना

निधी मंजूर झाला की विभागात पहिली धावपळ होते ती कोटेशनांची. कुणाला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हवा असतो, कुणाला धातूचे पातळ थर चढवणारं स्पटरिंग, तर कुणाला थेट इलेक्ट्रॉनच्या झोताने नॅनोमीटरच्या रेघा आखणारी ई-बीम लिथोग्राफी. खोली कोणती, तिची हवा कोरडी कोण करणार, यंत्र चालवायला पगारी माणूस कुठून आणायचा, हे प्रश्न सुचतात ते यंत्राचं खोकं आवारात उतरल्यावर. कोरड्या हवेच्या शहरात हा उलटा क्रम कसाबसा निभावतो. गोव्यात मिरगाचा पहिला पाऊस पडला की तो उघडा पडतो. म्हणून इथे खोली, हवा, वीज हे आधी घेतलं आहे आणि यंत्रं नंतर.

आधी प्रक्रिया लिहून घ्या

यंत्रांची यादी मागू नका. प्रत्येक होऊ घातलेल्या वापरकर्त्याकडून एक पानभर माहिती घ्या: नमुना कशाचा, आकार किती, सर्वांत बारीक रेघ किती मायक्रॉनची, कोणते धातू, कोणती रसायनं आणि महिन्याला किती तास. ही पानं शेजारी शेजारी ठेवली की बरेच वाद आपोआप मिटतात.

उदाहरणार्थ, वायू-संवेदकावर काम करणाऱ्या गटाला साधारणपणे काचेवर किंवा ऑक्साइड चढवलेल्या सिलिकॉनवर २० मायक्रॉन रुंदीचे, बोटांत बोटं गुंफल्यासारखे इलेक्ट्रोड हवे असतात. १० नॅनोमीटर क्रोमियम, त्यावर १०० नॅनोमीटर सोनं, मग लिफ्ट-ऑफ (खालचा प्रकाशसंवेदी लेप, म्हणजे रेझिस्ट, विरघळवून त्यावरचा नको असलेला धातू काढणं), शेवटी धातूच्या ऑक्साइडचा थर. याला स्पिन कोटर (नमुना गरगर फिरवून रेझिस्टचा सारखा थर पसरवणारं यंत्र), दोन हॉटप्लेट, फिल्म मास्क (नक्षी छापलेली पारदर्शक फिल्म), साधा अतिनील प्रकाशस्रोत, थर्मल इव्हॅपोरेटर (निर्वातात धातू तापवून त्याचा थर चढवणारं यंत्र), सूक्ष्मदर्शक आणि जाडी मोजायला प्रोफाइलोमीटर पुरतो. ई-बीमचा इथे काहीच संबंध नाही. मायक्रोफ्लुइडिक्सवाल्यांचं, म्हणजे केसाएवढ्या नळ्यांतून द्रव खेळवणाऱ्यांचं, काम आणखी साधं: एसयू-८ या जाड रेझिस्टचा साचा, त्यात ओतायला पीडीएमएस हे पारदर्शक रबर, १० भागाला १ भाग हार्डनर, काचेला चिकटवायला ऑक्सिजन प्लाझ्मा. गोव्यात उठणाऱ्या मागणीचा मोठा भाग या दोन प्रकारांत आणि पातळ थरांच्या अभ्यासात बसतो.

ज्या यंत्राला वर्षाकाठी ३००-४०० तासांचंही काम दिसत नाही, ते विकत घेऊ नये. ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ, झुआरीनगरचं बिट्स, कुंकळ्ळीचं एनआयटी, फर्मागुडीचं आयआयटी आणि दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था ही सगळी एका दिवसात जाऊन परत येण्याच्या अंतरावर आहेत. तेच यंत्र इतक्या जवळ दोनदा घेण्यात शहाणपण नाही. खरेदीच्या प्रस्तावात आय-स्टेम पोर्टलवर शोध घेतल्याची नोंद जोडा. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या या पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची उपकरणं आणि त्यांचं आरक्षण दिसतं. आपलं यंत्र आलं की तेही तिथे चढवा, म्हणजे बाहेरचे वापरकर्ते मिळतात आणि देखभालीचा खर्च निघायला मदत होते.

आणखी एक हिशेब याच वेळी करा. सर्वसमावेशक देखभाल करार साधारणपणे यंत्राच्या किमतीच्या ५ ते १० टक्के दरवर्षी मागतो. वॉरंटीच्या पुढची निदान तीन वर्षं आणि एका पूर्णवेळ तंत्रज्ञाचा पगार प्रस्तावात दाखवता येत नसेल, तर एक यंत्र कमी करा. तंत्रज्ञाशिवायचं यंत्र एखाद्या पीएच.डी. विद्यार्थ्याच्या गळ्यात पडतं. तो प्रबंध देऊन निघून गेला की त्याच्याबरोबर पासवर्डही जातो आणि हातही.

खोली

तळमजला, तोही तळघर नसलेला. वरच्या मजल्यांवर फरशी थरथरते, तर तळघरात पाणी शिरतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी लिफ्ट, ट्रान्सफॉर्मर, डिझेल जनरेटर आणि जाड वीजवाहिन्या यांच्यापासून लांबची जागा निवडा. बदलतं चुंबकीय क्षेत्र ०.३ मायक्रोटेस्लाच्या आत असावं, एवढी मागणी बहुतेक उत्पादक करतातच. जागेचं सर्वेक्षण पुरवठादाराकडून करून घ्या, पण सुट्टीच्या दिवशी नको. कामाच्या दिवशी, शेजारच्या प्रयोगशाळा आणि एसी चालू असताना मोजमाप झालं पाहिजे. शनिवारी दुपारी काढलेला सुंदर आलेख पुढे काही कामाचा नसतो.

क्लीनरूमबाबत, म्हणजे धूळ गाळलेल्या हवेच्या खोलीबाबत, हाव धरू नका. ४० चौरस मीटरची पिवळ्या प्रकाशाची (निळ्या-अतिनील प्रकाशाने रेझिस्ट बिघडतं म्हणून) आयएसओ ७ दर्जाची खोली आणि तिच्या आत स्पिन कोटर व मास्क अलायनरवर (मास्क नमुन्यावर जुळवून प्रकाश टाकणारं यंत्र) आयएसओ ५ देणारे, गाळलेली हवा एकाच दिशेने सोडणारे लॅमिनार फ्लो हूड, एवढ्यावर विद्यापीठाचं १ मायक्रॉनपर्यंतचं काम होतं. आयएसओ ७ म्हणजे घनमीटरला अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे ३,५२,००० कण, तर आयएसओ ५ म्हणजे ३,५२०. धूळ आडवी येते ती रेझिस्ट पसरताना आणि मास्क टेकवताना. तेवढ्याच जागेवर स्वच्छ हवा सोडा. पूर्ण खोली आयएसओ ५ करायची तर तासाला शेकडो वेळा हवा बदलावी लागते, आणि विजेचं बिल पाहून दुसऱ्याच वर्षी कुलगुरूंच्या कार्यालयातून पत्र येतं.

भिंतीला तयार पॅनेल वापरा. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीला नुसता रंग देऊन भागत नाही. चिरा पाणी शोषतो आणि पावसाळाभर आतल्या बाजूने ते सोडत राहतो. पॅनेल आणि जुनी भिंत यांच्यात हात जाईल एवढी मोकळी जागा आणि बाष्परोधक पडदा ठेवा.

हवा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

लिथोग्राफीच्या, म्हणजे प्रकाशाने नक्षी उमटवण्याच्या, खोलीत २१ अंश सेल्सिअस आणि ४५ टक्के आर्द्रता हवी. अशा हवेत दर किलोमागे साधारण ७ ग्रॅम पाणी असतं आणि तिचा दवबिंदू (ज्या तापमानाला दव पडू लागतं ते) ९ अंशांच्या थोडा खाली येतो. जुलैत बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली, तर त्याच एक किलो हवेत साडेएकवीस ग्रॅम पाणी असतं. म्हणजे आत घेतलेल्या प्रत्येक किलो हवेतून १४ ग्रॅमच्या वर पाणी काढायचं आहे.

आता खोलीचा हिशेब. ४० चौरस मीटर आणि २.७ मीटर उंची म्हणजे १०८ घनमीटर. तासाला ६० वेळा हवा बदलली तर ६,४८० घनमीटर. त्यातली बहुतेक हवा फिरवून परत वापरायची आणि १०-१५ टक्के ताजी घ्यायची, असं सल्लागार लिहून देतो. कागदावर सगळं छान दिसतं. मग कुणीतरी त्याच खोलीत दीड मीटर रुंदीचा फ्यूम हूड (रसायनांच्या वाफा बाहेर ओढणारी काचेची पेटी) बसवतो. ४५ सेंटिमीटर उघडी काच आणि सेकंदाला अर्धा मीटर वेग धरला, तर हा एक हूड तासाला सुमारे १,२०० घनमीटर हवा बाहेर फेकतो. तेवढी ताजी हवा आत आणावीच लागते, शिवाय खोलीत धन दाब (बाहेरपेक्षा किंचित जास्त दाब) टिकवायला आणखी २००-३०० घनमीटर. १,५०० घनमीटर ताज्या पावसाळी हवेतून तासाला जवळपास २५ लिटर पाणी काढायचं, म्हणजे नुसत्या पाण्यासाठीच ५ टन शीतनक्षमता लागते. हा आकडा आराखड्यात नसला की जूनमध्ये खोली ६५-७० टक्क्यांवर जाऊन बसते आणि कंत्राटदार म्हणतो, 'एसी तर चालू आहे ना?'

उपाय दोन. पहिला, आम्लांचे आणि द्रावकांचे हूड शेजारच्या साध्या वातानुकूलित खोलीत न्या आणि लिथोग्राफीच्या खोलीत फक्त स्पिन कोटर व डेव्हलपरपुरता (रेझिस्ट विरघळवून नक्षी उघडी करणारं द्रावण) छोटा एक्झॉस्ट ठेवा. दुसरा, ताजी हवा वेगळ्या यंत्रातून कोरडी करूनच आत घ्या. ७ अंशांच्या थंड पाण्याच्या कॉइलवर हवेचा दवबिंदू १२ अंशांच्या आसपास अडकतो, आणि २१ अंशांच्या खोलीत त्याचा अर्थ ५६ टक्के आर्द्रता. ४५ टक्के हवे असतील तर डेसिकंट चाक (ओलावा शोषणाऱ्या पदार्थाचं फिरतं चाक) लावा किंवा आणखी थंड कॉइल आणि त्यानंतर रीहीट. रीहीट म्हणजे थंड केलेली हवा पुन्हा तापवणं. ते उधळपट्टीसारखं दिसतं म्हणून खर्चकपातीत सर्वांत आधी कापलं जातं, आणि मग थंडी आणि दमटपणा एकत्र मिळतात.

समुद्राचा खार हा दुसरा शत्रू. हवा घेण्याचं तोंड पश्चिमेला ठेवू नका. प्री-फिल्टर, त्यामागे एफ-७ दर्जाचा किंवा वरचा बारीक फिल्टर आणि शेवटी अतिसूक्ष्म कण अडवणारा हेपा, अशी साखळी ठेवा; कॉइलला इपॉक्सी लेप द्या. बाहेरच्या कंडेन्सरच्या पंखांवर पाऊस नसलेल्या महिन्यांत मीठ साचतं, तेव्हा ते महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवा. दोनापावलासारख्या ठिकाणी ही धुलाई चुकली की ॲल्युमिनियमचे पंख पिठासारखे भुरभुरतात. जे गट मॉस (धातू-ऑक्साइड-अर्धवाहक) संधारित्र बनवतात त्यांच्यासाठी मीठ आणखी घातक आहे. सोडियमचे आयन गेट ऑक्साइडमध्ये (धातूखालच्या ऑक्साइडच्या थरात) फिरतात आणि सी-व्ही (धारिता-व्होल्टेज) आलेख दोन मोजमापांमध्ये सरकत राहतो. यात घामाचे हातही तितकेच दोषी, त्यामुळे हातमोज्यांची जोडी बदलण्यात काटकसर नको.

वीज आणि अर्थिंग

वळवाच्या पावसाबरोबर विजा येतात आणि यंत्रांचे बोर्ड त्याच आठवड्यांत जळतात. मुख्य पॅनेलवर आणि यंत्राजवळ अशा दोन पातळ्यांवर सर्ज संरक्षण (अचानक चढलेलं व्होल्टेज अडवणारं) घ्या. मायक्रोस्कोप, उच्च निर्वात तयार करणारा टर्बो पंप आणि संगणक ऑनलाइन यूपीएसवर ठेवा. भट्टी, हॉटप्लेट, यंत्रांना थंड पाणी पुरवणारा चिलर थेट जनरेटरच्या फीडरवर. यूपीएसवर भट्टी लावली की बॅटरीची वाट लागते.

पुरवठादार १ ओहमखाली अर्थिंग मागतात. गोव्याच्या सड्यावर ते सोपं नसतं, कारण जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की वीज वाहू देत नाही. ऑगस्टमध्ये मोजलेला आकडा गोड असतो, म्हणून मोजमाप मे महिन्यात करा. एकच खड्डा खोल नेण्यापेक्षा ३ मीटरच्या तीन-चार कांड्या एकमेकींपासून निदान तेवढ्याच अंतरावर बसवून बेंटोनाइट माती भरा आणि पट्टीने जोडा. इथे एक जीवघेणी चूक वारंवार होते: 'यंत्राचं वेगळं अर्थिंग' म्हणून ते इमारतीच्या अर्थिंगपासून पूर्ण तोडून ठेवतात. जवळ वीज पडली की दोन अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो आणि तो यंत्रातून वाट काढतो. वेगळी पट्टी जरूर न्या, पण मुख्य अर्थिंग बसबारवर एका ठिकाणी ती जोडलेलीच हवी.

पाणी, नायट्रोजन, निर्वात

शेवटच्या धुण्याला १८.२ मेगाओहम-सेंटिमीटरचं पाणी लागतं. आरओच्या आधी ५ मायक्रॉनचा फिल्टर आणि कार्बन हवाच. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल तर लोह काढण्याची टाकीही लावा, नाहीतर आरओचा पडदा तांबडा होऊन बसतो.

नायट्रोजनचा खप कमी लेखला जातो. ४७ लिटरच्या सिलिंडरमध्ये १५० बारला सुमारे ७ घनमीटर वायू असतो. मिनिटाला ५० लिटर सोडणारी वाळवण्याची बंदूक तो १४० मिनिटांत संपवते. नियमित वापर असेल तर छोटा नायट्रोजन जनरेटर किंवा द्रव नायट्रोजनचा ड्यूअर (थर्मॉससारखं भांडं) परवडतो. द्रवाच्या १ लिटरपासून जवळजवळ ७०० लिटर वायू होतो आणि तो खोलीतला ऑक्सिजन हटवतो, म्हणून ड्यूअर ठेवलेल्या खोलीत १९.५ टक्क्यांवर वाजणारा ऑक्सिजन अलार्म लावल्याशिवाय पहिला ड्यूअर उतरवून घेऊ नका.

इव्हॅपोरेटर किंवा स्पटरिंगचा चेंबर उघडायचा तो कोरड्या नायट्रोजनने, खोलीच्या हवेने नाही. चेंबरच्या भिंतीला चिकटलेलं पाणी हेच पावसाळ्यात पंप 'बिघडल्याचं' खरं कारण असतं. जो दाब फेब्रुवारीत दोन तासांत मिळतो त्याला जुलैत रात्र लागते, आणि घाईत केलेल्या थरात ऑक्सिजन शिरून टायटॅनियम किंवा ॲल्युमिनियम काळपट, जास्त रोधाचं येतं. चेंबर उघडण्याआधी नमुना, स्रोत, चिमटा सगळं तयार ठेवा आणि दार दोन मिनिटांत बंद करा. रोटरी पंपाचं तेल काचेतून पाहा. दुधी दिसलं तर त्यात पाणी आहे. गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडून ओलावा काढणारी झडप) उघडून पंप अर्धा तास चालवा. तरी निवळलं नाही तर तेल बदला.

एका वेफरची लिथोग्राफी, पायरीपायरीने

वेफर म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती. खालची कृती एस-१८१३ या पॉझिटिव्ह रेझिस्टची, म्हणजे प्रकाश पडलेला भाग विरघळणाऱ्या रेझिस्टची, आहे. इतर रेझिस्टचे आकडे त्यांच्या माहितीपत्रकातून घ्या, चुका मात्र सगळीकडे याच होतात.

१. रेझिस्टची बाटली फ्रिजमधून आदल्या संध्याकाळी काढा आणि झाकण न उघडता खोलीत ठेवा. थंड बाटली दमट हवेत उघडली की आत दव पडतं, आणि ते रेझिस्ट पुढे महिनाभर सगळ्यांना छळतं. छोट्या गडद बाटल्यांत वाटून ठेवलं तर मूळ बाटली वारंवार उघडावी लागत नाही.

२. वेफर ॲसिटोनने, लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि शुद्ध पाण्याने धुवून नायट्रोजनने वाळवा. ॲसिटोन पृष्ठभागावर सुकू दिलं तर डाग राहतो.

३. १५० ते २०० अंशांच्या हॉटप्लेटवर किमान १० मिनिटं भाजा. ही पायरी गोव्यात कधीच गाळू नये. सिलिकॉन ऑक्साइड आणि काच हवेतलं पाणी धरून ठेवतात, आणि डेव्हलपरमध्ये बुडवल्यावर बारीक रेघा अख्ख्याच्या अख्ख्या सुटून तरंगतात त्या यामुळेच.

४. रेझिस्ट पृष्ठभागाला धरून ठेवणारं एचएमडीएस बाष्परूपात, तापलेल्या बंद पेटीत द्या. स्पिन कोटरवर थेंब टाकण्याची पद्धत चालते, पण जास्त झालं तर रेझिस्ट लावल्यावर त्यातून अमोनिया सुटतो आणि रेझिस्टचा तळ नीट विरघळत नाही.

५. आता स्पिन कोटरवर रेझिस्ट पसरवा: ४,००० फेऱ्या प्रति मिनिट, ३० ते ४५ सेकंद. जाडी सुमारे १.३ मायक्रॉन. धूमकेतूसारखी शेपटी दिसली तर कण आहे. मध्यभागी गोल खळगा दिसला तर बुडबुडा. ड्रॉपर दाबताना शेवटचा थेंब आतच ठेवला की बुडबुडे येत नाहीत.

६. ११५ अंश हॉटप्लेटवर ६० सेकंद. हॉटप्लेटवरचा आकडा आणि पृष्ठभागाचं तापमान यांत ५-१० अंशांचा फरक सर्रास असतो. स्पर्श-थर्मोकपलने महिन्यातून एकदा तपासा.

७. कडेची जाड गोट पुसून काढा, मगच मास्क टेकवा. चौकोनी तुकड्यांच्या कोपऱ्यांवर ती फार उंच असते. याचं गणित मोठं बोलकं आहे: ३६५ नॅनोमीटर प्रकाशात १.३ मायक्रॉनच्या रेझिस्टला मास्क पूर्ण चिकटला तर सिद्धांताने ०.७ मायक्रॉनपर्यंत रेघ मिळते, पण कडेमुळे किंवा धुळीमुळे २० मायक्रॉनची फट राहिली तर मर्यादा ४ मायक्रॉनच्या पुढे जाते. दिव्याला दोष देण्याआधी फट पाहा.

८. आता प्रकाश द्या, म्हणजे एक्स्पोज करा. मात्रा ही तीव्रता आणि वेळ यांचा गुणाकार. चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅट असतील तर १५० मिलिज्यूलसाठी १५ सेकंद. पाऱ्याचा दिवा म्हातारा होतो, म्हणून दर आठवड्याला तीव्रता मोजून भिंतीवरच्या तक्त्यात लिहा. नवीन थरासाठी एकाच वेफरवर पाच वेगवेगळ्या मात्रा देऊन पाहा.

९. एमएफ-३१९ या डेव्हलपरमध्ये सुमारे ६० सेकंद, मग भरपूर पाणी. डेव्हलपरचं तापमानही मोजा. ते २-३ अंश वाढलं तरी वेळ बदलतो.

एक गोष्ट उलटीही आहे. या जातीच्या रेझिस्टला प्रकाशाची रासायनिक क्रिया पूर्ण करायला थोडं पाणी लागतंच. उत्साहाने खोली ३० टक्क्यांखाली नेली तर एक्स्पोज झालेला भागही नीट विरघळत नाही. ४० ते ५० टक्के हीच जागा.

लिफ्ट-ऑफसाठी धातूची जाडी रेझिस्टच्या एक तृतीयांशाहून कमी ठेवा. रेझिस्टच्या भिंती सरळ किंवा बाहेर कललेल्या असतील तर धातू त्यांच्यावर चढतो आणि कडेला कानासारखे उभे तुकडे राहतात. इमेज रिव्हर्सल रेझिस्ट (भिंती आत कलणारं) किंवा खाली लिफ्ट-ऑफ थर वापरला की हे टळतं.

मास्कबद्दल: १० मायक्रॉनपर्यंत फिल्म पुरते, त्याखाली काचेवरचा क्रोमचा मास्क. प्रत्येक विद्यार्थ्याचं डिझाइन वेगळं आणि तेही दर महिन्याला बदलणारं असेल, तर अलायनरऐवजी मास्क न लागणारा लेसर रायटर घेणं शहाणपणाचं. तो सावकाश चालतो, पण विद्यापीठात घाई क्वचितच वेफरांची असते.

आम्लं

नमुन्यावरचा सेंद्रिय मळ काढणारं पिरान्हा म्हणजे ३ भाग सल्फ्युरिक आम्लात १ भाग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. आम्लात पेरॉक्साइड हळूहळू ओतायचं, उलट कधीच नाही. ॲसिटोन किंवा रेझिस्टचा मोठा अंश त्यात गेला तर स्फोट होऊ शकतो. वापरलेलं पिरान्हा त्याच दिवशी झाकणबंद केलं तर बाटली फुटते. ते उघड्या भांड्यात, हूडमध्ये रात्रभर निवू द्यावं लागतं.

हायड्रोफ्लोरिक आम्ल शक्य असेल तर ठेवूच नका. ठेवलंच तर काचेच्या भांड्यात नाही, टेफ्लॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनमध्ये, एकट्याने नाही, कामाची वेळ संपल्यावर नाही. २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हूडच्या बाजूला, मुदत तपासलेली. सौम्य द्रावणाचा चटका तासन्‌तास दुखत नाही आणि आत हाडापर्यंत जातो, म्हणून 'काही झालं नाही' म्हणून कुणी घरी गेलेलं चालणार नाही. पाण्याने धुणं, जेल चोळत राहणं आणि थेट रुग्णालय. विद्यापीठाला बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) जवळ आहे. तिथल्या आपत्कालीन विभागाला आपण हे आम्ल वापरतो हे लेखी कळवून ठेवा आणि माहितीपत्रकाची एक प्रत रुग्णासोबत देण्यासाठी दारावर लटकवून ठेवा.

मायक्रोस्कोप आणि त्यात काय घालू नये

नमुने स्वीकारणाऱ्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार लेखी द्या. ओले नमुने नाहीत. सुटी भुकटी नाही: कार्बन टेपवर अगदी थोडी घेऊन नायट्रोजनचा झोत मारल्यावर जे टिकेल तेवढंच आत. लोहखनिजाच्या आणि चुंबकीय नॅनोकणांच्या भुकट्या सर्वांत धोकादायक, कारण त्या उडून भिंगाच्या टोकाला चिकटतात आणि मग प्रत्येकाचं चित्र वाकडं येतं. असे कण रेझिनमध्ये बसवून पॉलिश करून घ्या. समुद्रातले डायटम (सूक्ष्म शैवाल) आणायचे तर आधी शुद्ध पाण्याने वारंवार धुवा, नाहीतर पडद्यावर फक्त मिठाचे स्फटिक दिसतात.

साध्या सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवर पावसाळ्यात बुरशी धरते. रात्री ती ४०-५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवा. कपाटात बल्ब लावण्याचा जुना उपायही चालतो, मात्र महिनाभर रजेवर जाताना तो चालू आहे ना, हे पाहायला कुणीतरी हवं.

आरक्षण, दर, वही

तीन दर ठेवा: आतले, इतर शिक्षणसंस्था, उद्योग. आतल्यांनाही फुकट देऊ नका. नाममात्र का होईना, पैसे लागले की विद्यार्थी नमुने तपासूनच आणतात. प्रशिक्षण तीन फेऱ्यांत द्या: पाहणं, तंत्रज्ञासमोर करणं, एकट्याने करून दाखवणं. सहा महिने हात लावला नाही तर पुन्हा दुसरी फेरी. वहीत वेळ आणि नाव लिहून भागत नाही. सुरुवातीचा दाब, खोलीची आर्द्रता, कोणता धातू चढवला आणि काय वेगळं दिसलं, एवढं हवंच. जस्त किंवा कॅडमियमसारखे सहज बाष्प होणारे धातू चढवायचे असतील तर वेगळा चेंबर ठेवा, नाहीतर पुढच्या सहा जणांच्या थरांत ते सापडतात.

जे इथे नको, ते बाहेर

ई-बीम लिथोग्राफी, खोल सिलिकॉन एचिंग (सिलिकॉन कोरणं), आयन इम्प्लांटेशन (सिलिकॉनमध्ये आयन घुसवणं) ही कामं बाहेर करावीत. बाहेरच्या संशोधकांना मोठ्या संस्थांमधली यंत्रं वापरू देणारा इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूझर्स प्रोग्रॅम २००८ साली बेंगळुरूचं आयआयएससी आणि आयआयटी मुंबई इथे सुरू झाला. पुढच्या टप्प्यात दिल्ली, मद्रास, खडगपूर आणि गुवाहाटीच्या आयआयटी त्यात आल्या. प्रस्तावात तिथली कोणती यंत्रं, कोणत्या क्रमाने, किती तास हे लिहा. 'नॅनो उपकरण बनवायचं आहे' एवढ्यावर कुणी दार उघडत नाही. आपल्या वेफरवर सोनं, तांबं किंवा सोडियमयुक्त काच असेल तर ते आधीच सांगा. सिलिकॉनच्या स्वच्छ भट्टीत असा नमुना जाऊ देत नाहीत.

मडगावहून रेल्वेने नमुने नेताना ते वेफर कॅरियरमध्ये, सिलिका जेलसह, दुहेरी सीलबंद पिशवीत ठेवा आणि हातातच न्या. रेझिस्ट लावलेला, पण एक्स्पोज न केलेला वेफर प्रवासाला पाठवू नका. तिथे जाऊन लावा. धोकादायक रसायनं रेल्वेच्या डब्यात नेणं बेकायदा आहे. पोचल्यावर पिशवी लगेच फोडू नका, नमुना खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

चवथीची सुट्टी

चवथीला आवार रिकामं होतं आणि हवा दमटच असते. बंद करताना चेंबर निर्वातात सोडा, झडपा बंद करा, मायक्रोस्कोपचा निर्वात टिकवणारा आयन पंप यूपीएसवर चालू ठेवा. आर्द्रता काढणारं यंत्र बंद करायचं नाही, बिल कितीही येवो. खरा धोका असा की एसी बंद पडतो आणि २० अंशांचं पाणी फिरवणारा चिलर चालूच राहतो. २८ अंश आणि ९० टक्के हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या वर असतो, म्हणजे चिलरची प्रत्येक नळी, टर्बो पंपाचं अंग आणि भिंगाचं आवरण घामेजतं आणि ते पाणी थेट इलेक्ट्रॉनिक्सवर ठिबकतं. खोलीची आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की चिलर आपोआप थांबेल आणि त्याच्यावर अवलंबून असलेले भाग सुरक्षितपणे बंद होतील, असा इंटरलॉक बसवून घ्या. सुट्टीनंतर चालू करताना क्रम हाच: आधी आर्द्रता काढणारं यंत्र आणि एसी, निदान चार तास, भिंती आणि नळ्या हाताला कोरड्या लागल्या की चिलर, मग पंप, उच्च व्होल्टेज दुसऱ्या दिवशी.